काचेच्या टाकीत मासे किती, वनस्पती किती?

हिरव्यागार पाणवनस्पतींनी भरलेली टाकी, फिल्टर नाही, हवेचा पंप नाही, पाणी वर्षभर बदललेले नाही आणि तरीही मासे मजेत फिरत आहेत, असे दाखवणारे व्हिडिओ आता घरोघरी पाहिले जातात. ते पाहून हौसेने दोन फुटी टाकी आणणाऱ्या इंदूरच्या कुटुंबांना मात्र पुष्कळदा वेगळाच अनुभव येतो. पहिल्या एकदोन आठवड्यांतच मासे पृष्ठभागाशी येऊन तोंडाची उघडझाप करू लागतात, वनस्पतींची पाने तपकिरी होऊन कुजतात, काचेवर शेवाळ चढते, आणि दुकानात विचारायला गेल्यावर ‘पानी सूट नहीं हुआ’ एवढेच उत्तर मिळते. हे उत्तर खोटे नाही, पण पुढे काय करायचे ते त्यातून कळत नाही. मग मेलेल्या माशांच्या जागी नवे मासे येतात आणि तोच प्रकार पुन्हा घडतो.

टाकीत किती मासे ठेवावेत या प्रश्नाचे उत्तर लोक माशांच्या संख्येत शोधतात. संख्या मोजायला सोपी असली तरी तिचा उपयोग फार थोडा आहे. रोज किती खाद्य टाकीत पडते आणि दर आठवड्याला किती हिरवी वाढ कापून बाहेर काढता येते, ही दोन वजने ज्याला माहीत आहेत त्याला टाकीत आणखी मासे मावतील की नाही हे दुकानदाराला विचारावे लागत नाही. ही दोन वजने एकमेकांशी कशी जोडलेली आहेत, ते आता पाहू.

खाद्याच्या एका ग्रॅमचे काय होते

माशांच्या कोरड्या खाद्यात साधारण ४० टक्के प्रथिने असतात आणि प्रथिनांच्या वजनात सुमारे १६ टक्के नत्र, म्हणजे नायट्रोजन, असते. त्यामुळे एक ग्रॅम खाद्याबरोबर सुमारे ६४ मिलिग्रॅम नत्र टाकीत येते. वाढत्या वयाचा मासा त्यातले काही आपल्या शरीरात साठवतो. पूर्ण वाढ झालेला मासा मात्र त्यातले बहुतेक पाण्यात परत सोडतो, थोडे विष्ठेवाटे आणि बरेचसे कल्ल्यांवाटे, अमोनियाच्या रूपाने. न खाल्लेले खाद्य वाळूत शिरून कुजले तरी त्यातूनही शेवटी अमोनियाच तयार होतो. म्हणून खाद्य माशाने खाल्ले काय किंवा वाया गेले काय, पाण्याच्या दृष्टीने फारसा फरक पडत नाही.

अमोनिया अगदी थोड्या प्रमाणातही कल्ल्यांना इजा करतो, आणि तो रंगहीन असल्यामुळे पाणी नितळ दिसत असतानाच मासे दगावतात. चांगल्या चाललेल्या टाकीत विशिष्ट जिवाणू या अमोनियाचे आधी नायट्राइटमध्ये आणि मग नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. यातला मधला पदार्थ, नायट्राइट, हाही घातकच आहे. तो रक्तातल्या हिमोग्लोबिनला निकामी करतो, रक्त तपकिरी पडते आणि पाण्यात पुरेसा प्राणवायू असूनही मासा गुदमरतो. शेवटचा पदार्थ, नायट्रेट, त्या मानाने सौम्य असतो, पण तो आपोआप कुठे जात नाही आणि साठत राहतो. अमोनियापासून नायट्रेटपर्यंतच्या या साखळीला नत्रचक्र म्हणतात. हे रूपांतर सजीवांकडून होते, हे फ्रान्समधील श्लोसिंग आणि म्युंट्झ यांनी १८७७ मध्ये सांडपाण्यावरच्या प्रयोगातून दाखवले.

हे जिवाणू पाण्यात तरंगत राहण्यापेक्षा फिल्टरचा स्पंज, वाळू, दगड आणि वनस्पतींची पाने यांना चिकटून राहणे पसंत करतात, आणि नव्या टाकीत त्यांची पुरेशी वस्ती होण्यास साधारण चार ते सहा आठवडे लागतात. ‘पानी सूट नहीं हुआ’ याचा खरा अर्थ बहुतेक वेळा एवढाच असतो की जिवाणू तयार होण्याआधीच माशांनी टाकी भरली. स्पंज नळाखाली क्लोरीनच्या पाण्याने खसखसून धुणारे लोक महिन्याभराची ही कमाई पाच मिनिटांत वाहून घालवतात. तो टाकीतूनच काढलेल्या पाण्यात पिळून घ्यावा.

वनस्पती नेमके काय काढून घेतात

वनस्पतींनाही वाढीसाठी नत्र लागते. बहुतेक पाणवनस्पती नायट्रेटच्या आधी अमोनियाकडे वळतात, कारण नायट्रेट वापरायचे तर त्याचे आधी शरीरात पुन्हा अमोनियात रूपांतर करावे लागते आणि त्यात ऊर्जा खर्च होते. म्हणजे जोमाने वाढणाऱ्या वनस्पती असलेल्या टाकीत अमोनियाचा मोठा भाग जिवाणूंपर्यंत पोहोचण्याआधीच उचलला जातो. व्हिडिओंमध्ये दाखवलेली फिल्टरशिवायची टाकी चालते ती याच आधारावर.

‘जोमाने वाढणाऱ्या’ या शब्दांकडे मात्र बहुतेकांचे दुर्लक्ष होते. उभ्या असलेल्या, पण न वाढणाऱ्या वनस्पतीला नवे नत्र फारसे लागत नाही. वनस्पतीच्या कोरड्या वजनात ढोबळमानाने ३ टक्के नत्र असते, आणि ताज्या पाणवनस्पतीत ९० टक्क्यांच्या आसपास पाणीच असते. या आकड्यांवरून हिशेब केला तर एका ग्रॅम खाद्यातले ६४ मिलिग्रॅम नत्र पूर्णपणे शोषून घेण्यासाठी सुमारे दोन ग्रॅम कोरडी, म्हणजेच सुमारे वीस ग्रॅम ओली वनस्पती नव्याने वाढावी लागते. एका ग्रॅमला वीस ग्रॅम, हे प्रमाण लक्षात ठेवण्याजोगे आहे. जातीनुसार आणि प्रकाशानुसार ते बरेच पुढेमागे होईल, पण ते दोन ग्रॅमही होणार नाही आणि दोनशेही होणार नाही.

शोषलेले नत्र वनस्पतीच्या अंगातच राहते. पान पिकून टाकीतच कुजले की ते सगळे पाण्यात परत येते. म्हणूनच छाटणी केवळ शोभेसाठी नसते. वाढलेला भाग कापून टाकीबाहेर नेला तरच नत्र खरोखर बाहेर गेले असे म्हणता येते. वाळूत टोचलेली प्लॅस्टिकची झाडे जिवाणूंना बसायला जागा देतात, त्यापलीकडे या हिशेबात त्यांना स्थान नाही.

हौद का ओसंडतो

इंदूरच्या बहुतेक वस्त्यांत नर्मदेचे पाणी एक दिवसाआड येते, त्यामुळे घराचा हौद आणि त्याचा नळ सर्वांच्या ओळखीचा असतो. वरचा नळ चालू आणि खालचा बंद असेल तर लहान हौद लवकर आणि मोठा हौद उशिरा, पण दोन्ही ओसंडतात. आकारामुळे फक्त वेळ मिळतो. पातळी कुठे स्थिरावेल हे आत येणारे पाणी आणि बाहेर जाणारे पाणी यांवर ठरते. माशांच्या टाकीतल्या नायट्रेटचेही हेच आहे. खाद्य हा आत येणारा नळ. छाटणी आणि पाणी बदलणे हे बाहेर जाणारे दोन नळ.

प्रत्यक्ष आकडे घेऊ. ६० सेंटिमीटर लांब, ३० रुंद आणि ३० उंच अशा दोन फुटी टाकीचे माप ५४ लिटर भरते; वाळू आणि वरची मोकळी जागा वजा केली तर पाणी ४५ लिटरच्या आसपास उरते. तीत बारा निऑन टेट्रा आहेत असे समजू. असा मासा अर्ध्या ग्रॅमच्या आतबाहेर भरतो, म्हणजे बारांचे मिळून पाच-सहा ग्रॅम. शरीराच्या वजनाच्या दोन-तीन टक्के खाद्य रोज पुरते, या हिशेबाने या सगळ्या माशांना आठवड्याला मिळून फार तर एक ग्रॅम खाद्य लागते. त्यातले सगळे नत्र शेवटी नायट्रेट झाले तर त्या ४५ लिटर पाण्यात दर आठवड्याला लिटरमागे सुमारे ६ मिलिग्रॅमची भर पडेल. वनस्पती मुळीच नाहीत आणि दर आठवड्याला ३० टक्के पाणी बदलले, तर पातळी चढत चढत २० मिलिग्रॅमच्या आसपास स्थिरावते, कारण तेवढ्या पातळीच्या ३० टक्के म्हणजे बरोबर सहा. गोड्या पाण्यातल्या नेहमीच्या माशांना २० उत्तम आणि ४० पर्यंत चालण्यासारखे, असे धरले तर ही टाकी सुखरूप आहे.

आता त्याच टाकीत रोज सकाळ-संध्याकाळ चिमूटभर खाद्य टाकले जाते, घरातली मुले मध्येच थोडे टाकतात, पाहुणे आले की त्यांच्या हातूनही थोडे पडते, आणि आठवड्याला एकाऐवजी पाच ग्रॅम आत जाते. तेव्हा तेच ३० टक्के पाणी बदलूनही पातळी शंभराच्या वर जाते. मासे बाराच आहेत, टाकी तीच आहे, निगाही तीच आहे. या पाच ग्रॅमला उत्तर द्यायचे तर आठवड्याला शंभर ग्रॅम हिरवी वाढ कापावी लागेल, आणि साध्या दिव्याखालच्या दोन फुटी टाकीत तितकी वाढ क्वचितच होते. सराफ्यात असतो तसा ग्रॅमच्या शंभराव्या भागापर्यंत मोजणारा खिशातला डिजिटल काटा आता स्वस्तात मिळतो. आठवड्याचे खाद्य त्यावर तोलून एका लहान डबीत काढून ठेवावे आणि घरातल्या सर्वांनी त्याच डबीतून टाकावे, एवढ्याने निम्म्या तक्रारी मिटतात.

‘एका इंचाला एक गॅलन’ हा नियम कुठे चुकतो

दुकानात आणि जुन्या पुस्तिकांत सांगितला जाणारा नियम असा आहे की माशाच्या लांबीच्या प्रत्येक इंचाला एक गॅलन, म्हणजे चार लिटरच्या आसपास पाणी हवे. लहान आणि सडपातळ माशांपुरता तो ढोबळमानाने चालतो. मोठ्या माशांना लावला की तो कोसळतो, कारण लांबी दुप्पट झाली की वजन साधारण आठपट होते आणि खाद्य वजनाच्या प्रमाणात लागते. एक इंचाचे दहा मासे आणि दहा इंचांचा एक मासा यांना हा नियम सारखेच पाणी देतो, पण अंगकाठी सारखी धरली तर दुसऱ्याचे वजन पहिल्या दहांच्या एकत्रित वजनाच्या शंभरपट असते.

गोल्डफिशचे उदाहरण रोजच्या पाहण्यातले आहे. दुकानातून आणताना दोन इंचांचा असलेला गोल्डफिश चार इंचांचा झाला की वीस-पंचवीस ग्रॅमचा होतो आणि एकटाच आठवड्याला तीन ग्रॅम किंवा त्याहून अधिक खाद्य फस्त करतो. म्हणजे तीन डझन निऑन टेट्रांचा भार एका गोल्डफिशमध्ये असतो. शिवाय तो वाळू उकरतो आणि कोवळी पाने खातो, म्हणून ज्या नळाने नत्र बाहेर जायचे तो नळही तोच बंद करतो. जिवंत वनस्पतींची टाकी आणि गोल्डफिश ही जोडी नवख्याने टाळलेलीच बरी.

‘सकर’ या नावाने विकला जाणारा मासा हा दुसरा गैरसमज आहे. तो काच साफ करतो म्हणून प्रत्येक टाकीबरोबर एक दिला जातो. शेवाळ खाऊन तो विष्ठा करतो, आणि ती इतर माशांपेक्षा कमी नव्हे, जास्तच असते. नत्र टाकीतच राहते, फक्त जागा बदलते. वाढला तर तो फूटभर किंवा त्याहून मोठा होतो. दोन फुटी टाकीसाठी हा मासा विकणे मला तरी अप्रामाणिकपणाचे वाटते.

वनस्पती प्राणवायू देतात, मग मासे पहाटे का मरतात?

शाळेत हायड्रिलाचा प्रयोग सर्वांनी पाहिलेला असतो. उन्हात ठेवलेल्या चंचुपात्रातल्या वनस्पतीतून बुडबुडे निघतात आणि ते परीक्षानळीत जमा होतात. त्या प्रयोगाची दुसरी बाजू, म्हणजे रात्री काय होते, ती वर्गात फारशी दाखवली जात नाही. प्रकाश असताना वनस्पती प्राणवायू बनवतात आणि वापरतातही. दिवा मालवला की बनवणे थांबते आणि वापरणे चालू राहते. रात्रभर मासे, वनस्पती आणि जिवाणू असे तिघेही त्याच पाण्यातला प्राणवायू घेत असतात, म्हणून त्याची पातळी पहाटे सर्वांत खाली जाते. दाट वनस्पती, भरपूर मासे आणि अजिबात न हलणारे पाणी हे तिन्ही एकत्र आले की संध्याकाळी ठणठणीत असलेले मासे सकाळी उलटे तरंगताना दिसतात.

इंदूरला यात आणखी दोन अडचणी आहेत. उष्ण पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो: समुद्रसपाटीला २० अंश सेल्सिअसच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ९.१ मिलिग्रॅम मावतो, तर ३० अंशांच्या पाण्यात सुमारे ७.५. आपले शहर माळव्याच्या पठारावर समुद्रसपाटीपासून सुमारे ५५० मीटर उंचीवर असल्यामुळे हवेचा दाब कमी असतो आणि हे आकडे आणखी सहा टक्क्यांनी खाली येतात. मे महिन्यात खोलीतले पाणी ३० च्या वर जाते तेव्हा पूर्ण हवा मिळालेल्या पाण्यातही जेमतेम ७ मिलिग्रॅम प्राणवायू असतो, आणि नेमक्या त्याच वेळी उष्णतेमुळे माशांची गरज वाढलेली असते. पाण्याचे तापमान दहा अंशांनी वाढले की त्यांचा प्राणवायूचा वापर साधारण दुप्पट होतो. जानेवारीत व्यवस्थित चाललेली टाकी मे महिन्यात का बिघडते, याचे हे एक मोठे कारण आहे.

टाकीतला प्राणवायू मुख्यतः पृष्ठभागावरून येतो. एक लिटर हवेत सुमारे पाव ग्रॅम प्राणवायू असतो आणि एक लिटर पाण्यात सात मिलिग्रॅम, म्हणजे साठा वर हवेत आहे. फक्त तो खाली उतरायला हवा. स्थिर पाण्यात तो अतिशय संथपणे उतरतो, हलत्या पाण्यात झपाट्याने. हवेच्या पंपाचा मुख्य उपयोग बुडबुड्यांतून प्राणवायू देण्यापेक्षा पाणी वरखाली करून पृष्ठभाग हलता ठेवण्यात आहे. म्हणून ‘वनस्पती आहेत, मग पंप कशाला’ या प्रश्नाचे उत्तर असे की दिवसा तो नसला तरी चालेल, रात्री मात्र हवा. वनस्पतींच्या वाढीसाठी कार्बन डायऑक्साइडची नळी लावणाऱ्यांनी तर रात्री ती बंद ठेवणे अत्यावश्यक आहे.

उन्हाळ्यात खाद्य थोडे कमी करणे आणि पृष्ठभागावर लहान पंख्याचा झोत सोडणे हे दोन उपाय स्वस्त आहेत. माळव्याच्या कोरड्या हवेत बाष्पीभवन जोरात होते आणि पाणी दोन-तीन अंशांनी उतरते.

बोअरचे पाणी, नर्मदेचे पाणी

आपल्या बोअरवेलचे पाणी बेसॉल्टच्या खडकातून आलेले असते आणि पुष्कळ ठिकाणी चांगलेच कठीण, म्हणजे क्षारांनी भरलेले, असते. बादलीवर आणि गिझरमध्ये जमणारा पांढरा थर त्याचीच खूण आहे. कठीण पाणी बहुधा अल्कधर्मी असते, आणि अमोनियाचा घातकपणा यावर फार अवलंबून असतो. पाण्यातल्या एकूण अमोनियापैकी जो भाग मुक्त रूपात असतो तोच खरा विषारी. २५ अंश तापमानाला पीएच, म्हणजे पाण्याची आम्लता-अल्कता दाखवणारा आकडा, ७ असेल तर हा भाग अर्ध्या टक्क्याच्या जवळपास असतो. पीएच ८ झाला की तो पाच टक्क्यांच्या वर जातो. म्हणजे अमोनिया मोजणाऱ्या किटवर एकच रंग दिसत असताना एका घरातले मासे तगतील आणि दुसऱ्या घरातले दगावतील. अशा पाण्यात नवी टाकी माशांनी एकदम भरणे जास्त धोक्याचे असते.

खरगोन जिल्ह्यातील जलूदहून सुमारे सत्तर किलोमीटर अंतर कापून येणाऱ्या नर्मदेच्या पाण्यात क्लोरीन असते. ते उघड्या बादलीत दिवसभर ठेवून किंवा दुकानात मिळणारे अँटी-क्लोरीनचे थेंब घालून मगच टाकीत घालावे. हौदात साठवलेल्या पाण्यातले क्लोरीन बरेचसे उडून गेलेले असते, तरी त्यावर विसंबू नये.

येथे एक नेहमीचा आक्षेप येतो. वनस्पती नायट्रेट शोषून घेत असतील तर पाणी बदलायचे कशाला, नुसती भर घातली की झाले. पण बाष्पीभवनात फक्त पाणी उडते, क्षार मागे राहतात, आणि दर वेळी बोअरच्या पाण्याची भर घातली की त्यांच्यात नवे क्षार मिळतात. वर्षभरात टाकीचे पाणी मूळ पाण्याच्या कितीतरी पट कठीण होते, आणि दुकानातून आणलेला नवा मासा त्यात सोडला की तासाभरात आडवा होतो, जुने मासे मात्र हळूहळू सवय झाल्यामुळे तगलेले असतात. म्हणून उडालेल्या पाण्याची भर आरओच्या किंवा साठवलेल्या पावसाच्या पाण्याने घालावी आणि पाणी बदलताना नळाचे वापरावे. वनस्पतींची वाढ चांगली असेल तर आठवड्याऐवजी पंधरवड्याने बदलले तरी चालते. कधीच न बदलणे हे कॅमेऱ्यापुढे ठीक आहे.

पाणी न बदलण्याचे हे स्वप्न जुनेच आहे. १८४९-५० मध्ये लंडनमधील रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन यांनी दोन लहान गोल्डफिश आणि व्हॅलिस्नेरिया ही पाणवनस्पती एका काचपात्रात एकत्र ठेवून प्राणी व वनस्पती यांचा मेळ घालून पाहिला. जुनी पाने कुजून पाणी खराब होऊ लागले, तेव्हा त्यांनी तळ्यातल्या गोगलगाई त्यात सोडल्या आणि कुजणारा भाग त्यांच्याकडून फस्त करवला. या प्रयोगाची आठवण सांगणारे लोक त्यातले मासे फक्त दोन होते हे सांगायला विसरतात.

कोणत्या वनस्पती कामाच्या

पाण्याखालच्या वनस्पतींना सर्वांत जास्त चणचण भासते ती कार्बनची. माशांच्या श्वासातून मिळणारा कार्बन डायऑक्साइड थोडा असतो. कठीण पाण्यात बायकार्बोनेट मात्र भरपूर असते, आणि व्हॅलिस्नेरिया, हायड्रिला व हॉर्नवर्ट या वनस्पती त्यातून कार्बन काढून घेऊ शकतात. इंदूरच्या पाण्यात त्या जोमाने वाढतात याचे हेच कारण आहे. याउलट कबोंबा दिसायला नाजूक आणि सुंदर, म्हणून हौसेने घेतली जाते, पण तिला मऊ पाणी लागते. आपल्याकडे ती बहुधा पंधरवड्यात झडून टाकीत नत्राची भरच घालते.

पृष्ठभागावर तरंगणाऱ्या साल्व्हिनिया किंवा पिस्टियासारख्या वनस्पती कार्बन थेट हवेतून घेतात, त्यामुळे त्यांची वाढ सर्वांत वेगवान असते आणि मूठभर उचलून बाहेर टाकणे हेच त्यांच्या छाटणीचे सर्व काम. त्यांनी अर्ध्यापेक्षा जास्त पृष्ठभाग झाकू नये, नाहीतर खालच्या वनस्पतींना उजेड मिळत नाही आणि हवेची देवाणघेवाणही अडते. टाकीच्या काठावरून मनीप्लँटची मुळे पाण्यात सोडणे हा याच तत्त्वावरचा घरगुती आणि उत्तम उपाय आहे. अ‍ॅनुबियास आणि जावा फर्न काटक आहेत, शोभिवंत आहेत, पण इतक्या सावकाश वाढतात की नत्र काढण्याच्या कामी त्यांना धरू नये.

दिवा टायमर लावून रोज सहा ते आठ तास पुरे. खिडकीतले थेट ऊन आणि बारा तासांचा दिवा यांचा फायदा वनस्पतींपेक्षा शेवाळाला अधिक होतो.

वनस्पती वाढवल्या, तर मासेही वाढवता येतील?

काही प्रमाणात वाढवता येतील, आणि त्याची मर्यादा तीन ठिकाणी येते. छाटणीचे वजन दर आठवड्याला खाद्याच्या वीसपट भरत असेल आणि तपासणीत अमोनिया व नायट्राइट शून्य, नायट्रेट २० च्या आत येत असेल, तर नत्राची बाजू भक्कम आहे. पण पहाटेच्या प्राणवायूची मर्यादा त्यामुळे सुटत नाही. उलट वनस्पती वाढल्यामुळे ती थोडी घट्टच होते. दिवा लागण्याआधी मासे पृष्ठभागाशी जमत असतील तर नायट्रेट कितीही कमी असो, टाकी भरलेली आहे. तिसरी मर्यादा माशांच्या स्वभावाची. एंजल फिश किंवा टायगर बार्ब यांना लागणारी मोकळी जागा वनस्पतींमुळे कमी होत नाही, फायटरचे दोन नर कितीही दाट झाडीत एकत्र नांदत नाहीत.

गप्पी, मॉली आणि प्लॅटी हे मासे आपल्या कठीण पाण्यात सुखाने राहतात, म्हणून नवख्यासाठी तेच योग्य. पण ते पिल्ले घालतात आणि गप्पीची मादी साधारण महिन्याला एक वेत देते. सहा गप्पींचे पाच महिन्यांत साठ झाले तर खाद्याची डबी आपोआप मोठी होते आणि सगळा हिशेब बिघडतो. फक्त नर ठेवणे हा त्यावरचा सरळ उपाय आहे.

उलट टोकाचीही एक अडचण आहे, ती लोकांच्या लक्षात येत नाही. भरपूर वनस्पती आणि चार-पाचच मासे असतील तर वनस्पती उपाशी राहतात. जुनी पाने पिवळी पडू लागली तर नत्र कमी पडत असते, पानांना बारीक छिद्रे पडली तर पोटॅशियम, आणि नवी पाने फिकट निघाली तर लोह. वनस्पतींसाठीचे द्रवखत थोडे घातले की भागते. खतासाठी मासे वाढवू नयेत.

नव्या टाकीचा क्रमही यातूनच ठरतो. आधी वाळू आणि वेगाने वाढणाऱ्या वनस्पती, त्यांना नवी पालवी फुटल्यावर चार-पाच लहान मासे, अमोनिया व नायट्राइट शून्यावर टिकल्यावर आणखी तेवढेच, आणि शेवटी, सहा-आठ आठवड्यांनंतर, उरलेले. दुकानदाराला हा क्रम आवडणार नाही, कारण त्याची विक्री पहिल्या दिवशी होते.

छाटलेली वनस्पती कुठे टाकायची

ती निथळून, काट्यावर तोलून, वहीत वजन लिहून मग कुंडीतल्या मातीत मिसळावी. नत्राने भरलेली असल्यामुळे ती उत्तम खत होते. कुंडी नसेल तर कचरागाडीच्या ओल्या कचऱ्यात द्यावी. नाल्यात, पिपल्यापाळ्याच्या किंवा बिलावलीच्या तलावात ती कधीही टाकू नये. सिरपूर आणि यशवंत सागर ही इंदूरची दोन जलस्थळे २०२२ मध्ये आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत आली, आणि पिस्टिया किंवा साल्व्हिनियाची एक मूठ उथळ, सांडपाण्याने पोसलेल्या तलावावर काही महिन्यांत पांघरूण घालू शकते. वाढून नकोसा झालेला सकर तलावात सोडणे त्याहून वाईट. तो दुकानात परत न्यावा, आणि दुकानदार घेत नसेल तर मोठी टाकी असलेल्या कुणाला तरी द्यावा.